सोलापुरात बसून वेब दुर्बिणीच्या फाइलींतून रंगीत चित्र कसं काढायचं

कॅरिना तेजोमेघाच्या कडेचा तो डोंगरकड्यासारखा फोटो बहुतेकांनी पाहिलाय. जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेला हा भाग, एनजीसी ३३२४, जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या फाइलींतून तो तयार झाला, त्या कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो.

आधी जागा बघून घ्या. एप्रिलच्या शेवटी रात्री नऊच्या सुमारास हा भाग सोलापुरातून दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम १४ अंशांवर असतो. डोळ्यांना तेजोमेघ दिसणार नाही, पण आपण कुठल्या दिशेचं चित्र काढतोय ते कळतं.

ही दुर्बीण इतकी लांब आणि इतकी थंड का ठेवली, हे समजायला सोलापूरचा मे महिना पुरेसा आहे. पारा ४२ अंशांवर गेला की भिंत, पत्रा, रस्ता सगळं ३१५ केल्विनला (सेल्सिअस अधिक २७३) असतं, आणि अशी वस्तू सर्वांत जास्त उजळते ती सुमारे ९.२ मायक्रॉन तरंगलांबीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात. वेबचं मिरी हे उपकरण ५ ते २८ मायक्रॉन बघतं. म्हणजे त्याच्या दृष्टीने आपली अख्खी पेठ दिव्यासारखी पेटलेली आहे. दुर्बीणच गरम असती तर तिला स्वतःचाच उजेड दिसला असता. म्हणून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, पाच पदरी सूर्यढालीच्या सावलीत, आरसा ३५ ते ५५ केल्विनच्या आसपास गार राहतो. मिरीचे संवेदक तर शीतयंत्राने ७ केल्विनच्या खाली ठेवावे लागतात.

आपण निअरकॅम या वेबच्याच दुसऱ्या, आखूड अवरक्त तरंगांच्या कॅमेऱ्याच्या फाइली घेणार आहोत. त्यात दहा संवेदक आहेत, प्रत्येकी २०४८ बाय २०४८ ठिपक्यांचे. आठ संवेदक लघु तरंगांचे, ०.६ ते २.३ मायक्रॉन, दोन लांब तरंगांचे, २.४ ते ५ मायक्रॉन. लघु बाजूचा ठिपका ०.०३१ विकलेचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आणि लांब बाजूचा ०.०६३ विकलेचा, त्यामुळे आकाशाच्या तेवढ्याच तुकड्याला लघु बाजूला चौपट ठिपके लागतात. फाइलही तशीच फुगते. पहिल्या खेपेला लांब तरंगांचीच तीन फिल्टरं घ्या: एफ३३५एम, एफ४४४डब्ल्यू आणि एफ४७०एन. अंकांना शंभराने भागलं की मायक्रॉन मिळतात. डब्ल्यू म्हणजे रुंद पट्टा, एम मध्यम, एन अरुंद.

वेबच्या फाइली ठेवणाऱ्या मास्ट (MAST) या संग्रहाच्या पोर्टलवर जा; खुल्या फाइलींसाठी खातं लागत नाही. प्रगत शोधात मोहीम जेडब्ल्यूएसटी, प्रस्ताव क्रमांक २७३१, उपकरण निअरकॅम आणि कॅलिब्रेशन पातळी ३ निवडा. हव्या त्या फाइलींच्या नावाच्या शेवटी आय२डी (i2d) आणि पुढे फिट्स (fits, खगोलचित्रांच्या फाइलीचा प्रकार) असतं. अनकॅल नावाच्या फाइली घेऊ नका. तो संवेदकाचा अगदी कच्चा माल असतो आणि त्याच्यावर सगळी प्रक्रिया आपल्यालाच करावी लागते. तिन्ही फाइली एका झिपमध्ये मागवण्यापेक्षा एकेक उतरवा. मध्येच वीज गेली तर एकच फाइल वाया जाते.

आता फिट्स लिबरेटर हा मोफत प्रोग्रॅम उघडा. एका फिट्स फाइलमध्ये बरेच थर असतात. त्यातला एससीआय हा चित्राचा, बाकीचे त्रुटी आणि वजनांचे. चित्र उघडल्यावर सगळं काळं दिसेल. फाइल बिघडलेली नाही. तेजस्वी ताऱ्यात आणि अंधूक वायूत हजारो पटींचा फरक असतो आणि पडदा तो सरळ दाखवू शकत नाही. म्हणून स्ट्रेचमध्ये, म्हणजे अंधूक भाग उजळून तेजस्वी भाग दाबण्याच्या सोयीत, आर्कसाइनएच (ArcSinh) निवडा.

खरी मेहनत इथेच आहे, घाई करू नका. हिस्टोग्राममधल्या (किती उजेडाचे किती ठिपके आहेत त्या आलेखातल्या) डोंगराच्या डाव्या पायथ्याच्या किंचित अलीकडे काळी पातळी ठेवा. ती डोंगराच्या आत सरकवली की कड्यांच्या सावलीतले धुळीचे बारीक पदर कायमचे गेले, पुढे कितीही उजळवलं तरी परत येत नाहीत. या चित्रात बहुतेक सगळीकडे वायू आहे, ठार काळं आकाश असं जवळपास नाहीच. ते शोधत बसू नका. पांढरी पातळी अशी ठेवा की कड्याची उजळ कडा पांढरी न होता तिच्यातले तंतू दिसत राहतील. मोठे तारे जळाले तर जळू द्या. तिन्ही फाइली १६ बिट टिफ म्हणून साठवा. ८ बिटमध्ये वायूच्या चढउतारात पायऱ्या दिसू लागतात.

गिम्प या मोफत चित्र-संपादकात तिन्ही टिफ उघडून रंग, कंपोनंट्स, कंपोज या वाटेने आरजीबी निवडा. सर्वांत आखूड तरंग निळा, मधला हिरवा, सर्वांत लांब लाल: म्हणजे ३३५ निळा, ४४४ हिरवा, ४७० लाल. सोलापुरी चादरीत नक्षी जेकार्डच्या पुठ्ठ्यांनी ठरलेली असते आणि सुताचे रंग निवडलेले असतात, तसंच हे आहे. फक्त इथे क्रम मोडायचा नाही, नाहीतर रंगावरून काही वाचता येणार नाही. क्रम पाळला तर एफ३३५एममधली कार्बनी रेणूंची ३.३ मायक्रॉनची चमक निळी दिसते, आणि नवजात ताऱ्यांच्या फवाऱ्यांतला रेणुरूप हायड्रोजन, जो ४.६९ मायक्रॉनला चमकतो, लालसर उठून येतो. एफ४७०एनचा पट्टा एफ४४४डब्ल्यूच्या आतच येतो, त्यामुळे लाल आणि हिरव्यातला फरक नाजूक असतो. या दोघांचा स्ट्रेच शक्यतो सारखा ठेवा.

कंपोज नकार देत असेल तर तिन्ही चित्रांची लांबी-रुंदी तपासा. प्रत्येक आय२डी आपापल्या चौकटीत बसवलेली असते, काही ठिपक्यांचा फरक पडतो. नुसतं कापून मापं जुळवली की ताऱ्यांना एका बाजूला निळी आणि दुसऱ्या बाजूला लाल किनार येते. सिरिल या खगोलचित्रांच्या मोफत प्रोग्रॅममध्ये ताऱ्यांवरून जुळवणी करून घ्या, किंवा पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर तिच्या रिप्रोजेक्ट या साधनाने तिन्ही एकाच जाळीवर आणा. दुसरा मार्ग जास्त खात्रीचा, कारण फाइलीतच प्रत्येक ठिपक्याचा आकाशातला पत्ता लिहिलेला असतो.

तेजस्वी ताऱ्यांच्या मधोमध काळी भोकं दिसतील. ती कृष्णविवरं नव्हेत. तिथे संवेदक काठोकाठ भरला आणि मोजमाप बाद झालं, म्हणून शून्य किंवा रिकामी जागा उरली. भोवतालच्या पांढऱ्याने भरा. ताऱ्यांचे आठ काटे मात्र पुसू नका: सहा मोठे षटकोनी आरशामुळे आणि दोन लहान आडवे दुय्यम आरशाच्या दांड्यामुळे येतात. अंधूक भागात बारीक समांतर पट्टे दिसले तर तो वाचन इलेक्ट्रॉनिक्सचा गोंगाट असतो. स्ट्रेच थोडा कमी केला की दबतो.

हे जमलं की एफ१८७एन जोडून बघा. तो १.८७५ मायक्रॉनचा आयनित हायड्रोजन दाखवतो आणि कड्यावरून उठणारी वाफ त्यात स्पष्ट होते. तो लघु बाजूचा असल्याने आधी निम्म्या मापाला आणा, नाहीतर आठ जीबीत गिम्प अडकतो. उन्हाळ्यात हे काम पहाटे करावं. दुपारी लॅपटॉप तापून वेग कमी करतो आणि तासाचं काम दोन तासांवर जातं. चित्र कुणाला पाठवताना कोणत्या फिल्टरला कोणता रंग दिला ते खाली लिहा, आणि श्रेय नासा, ईएसए, सीएसए, एसटीएससीआय यांना द्या.