डेबियनच्या बग ट्रॅकरला पाठवलेला मेल नेमका कुठे अडकला?

डेबियन या लिनक्सवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा बग ट्रॅकर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकांची (बगांची) नोंदवही, वेबवर वाचता येतो, पण तिथे लिहायला फॉर्म नाही आणि लॉगिनही नाही. नवा बग नोंदवणं, उत्तर देणं, शीर्षक बदलणं, बग बंद करणं हे सगळं ईमेलनेच चालतं. यामागचा डेबबग्स हा प्रोग्राम इयान जॅक्सन यांनी १९९४मध्ये लिहिला. ग्नू इमॅक्स या टेक्स्ट एडिटरचे बगही याच प्रोग्रामच्या दुसऱ्या सर्व्हरवर जातात, त्यामुळे खालचं बरंचसं तिथेही लागू पडतं.

पत्ते, कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती सगळी रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायची आणि आकडेही इंग्रजीच (1, 2, 3) वापरायचे.

पोच आली नाही

सबमिट@बग्स.डेबियन.ऑर्ग या पत्त्यावर मेल गेला की बगचा क्रमांक कळवणारी पोच परत येते. सर्व्हर मेल रांगेत ठेवून ठरावीक अंतराने उचलतो, म्हणून पाच मिनिटांत पोच आली नाही तर लगेच तोच मेल पुन्हा पाठवू नका. एकाच तक्रारीचे दोन क्रमांक होतात आणि ते जोडत बसण्याचं काम दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. आधी स्पॅमचा फोल्डर बघा. मग ब्राउझरमध्ये बग्स.डेबियन.ऑर्ग लिहून, तिरक्या रेघेनंतर ‘फ्रॉम:’ आणि त्याला जोडून आपला ईमेल पत्ता टाका. त्या पत्त्यावरून नोंदवलेले बग समोर येतात. त्यात आपला बग असेल तर फक्त पोच हरवली आहे, तक्रार पोचली आहे.

तिथेही नसेल तर बहुधा मेल आपल्या मशीनवरून निघालेलाच नाही. ‘रिपोर्टबग’ हा बग पाठवायचा प्रोग्राम मशीनवरच्या मेल सर्व्हरवर विसंबून असेल आणि तो नीट बसवलेला नसेल, तर मेल गुपचूप रांगेत पडून राहतो. ‘मेलक्यू’ कमांड दिली की तो दिसतो. घरगुती ब्रॉडबँडवर २५ क्रमांकाचा पोर्ट बरेचदा बंद असतो, हे त्याचं नेहमीचं कारण. ‘रिपोर्टबग --कॉन्फिगर’ चालवा आणि एसएमटीपी होस्ट म्हणून रिपोर्टबग.डेबियन.ऑर्ग, पोर्ट ५८७ द्या. तेही जमत नसेल तर ‘रिपोर्टबग’ला मजकूर पाठवण्याऐवजी फाइलमध्ये लिहायला सांगा (‘--आउटपुट’ हा पर्याय) आणि तो आपल्या रोजच्या मेलमधून साध्या मजकुराच्या रूपात पाठवा.

मेल परत आला: ‘पॅकेज ओळ नाही’

सर्वांत जास्त मेल इथे अडतात. पॅकेज म्हणजे डेबियनमध्ये बसवता येणारा सॉफ्टवेअरचा एक गठ्ठा. सर्व्हर मेलच्या मजकुराच्या अगदी पहिल्या ओळींत काही ठरावीक शब्द शोधतो. या ओळींना स्यूडो-हेडर म्हणतात. लोहित देवनागरी फॉन्टबद्दल तक्रार असेल तर मजकूर असा सुरू व्हायला हवा:

पॅकेज: फॉन्ट्स-लोहित-देवा
व्हर्जन: २.९५.४-४
सिव्हिअरिटी: नॉर्मल

त्यानंतर एक कोरी ओळ आणि मग तक्रार. वर ‘नमस्कार’ लिहिला की सगळं बिघडतं, कारण सर्व्हरच्या लेखी पहिली ओळ नमस्काराचीच असते. ओळींच्या मध्ये कोरी जागा सोडली तर त्याखालच्या ओळी साधा मजकूर समजल्या जातात. नुसता एचटीएमएल मेल पाठवला तरी हीच गत. मोबाइलवरच्या मेल ॲपमधून म्हणूनच बग पाठवू नयेत. ओळ मोडते कुठे, हेच तिथे कळत नाही.

पॅकेजचं नाव अंदाजाने लिहू नका. बिघडलेली फाइल माहीत असेल तर ‘डीपीकेजी -एस’ला (इथला एस मात्र मोठा, कॅपिटल) तिचा पूर्ण मार्ग द्या, ती कोणत्या पॅकेजची आहे ते कळेल. नाव चुकलं तरी बग नोंदला जातो, फक्त अनोळखी पॅकेज असल्याचा इशारा येतो. असा बग कोणत्याच मेंटेनरच्या (पॅकेज सांभाळणाऱ्याच्या) यादीत येत नाही, म्हणून हा इशारा नजरेतून सुटू देऊ नका. सिव्हिअरिटीचा, म्हणजे बग किती गंभीर ते सांगणारा, शब्द चुकला तर सर्व्हर ‘नॉर्मल’ धरतो आणि तसं कळवतो.

देवनागरीच्या तक्रारीत आणखी एक पेच असतो. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे वेगळे शब्द आहेत, हे मराठी न जाणणाऱ्या मेंटेनरला कसं कळणार? बिघडलेला शब्द तर द्याच, पण त्याचे युनिकोड क्रमांकही द्या. ‘ऱ्य’साठी ते यू+०९३१, यू+०९४डी, यू+०९२एफ असे आहेत. हेच रूप यू+०९३०, यू+०९४डी, यू+२००डी, यू+०९२एफ असंही टाइप होतं आणि त्यातला न दिसणारा जोडक मेलच्या प्रवासात गळू शकतो. मग तिकडे ‘र्य’ दिसतं आणि ‘इथे तर काही बिघडलेलं नाही’ असं उत्तर येतं. शब्द साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवून ती जोडा, सोबत स्क्रीनशॉट. बाकी वर्णन इंग्रजीत.

उत्तर दिलं, पण तक्रारदार गप्प

१२३४५६७@बग्स.डेबियन.ऑर्ग अशा पत्त्यावर पाठवलेला मेल बगच्या नोंदीत जातो आणि मेंटेनरला मिळतो. ज्याने बग नोंदवला त्याला तो आपोआप जातोच असं नाही. मेंटेनर सहा महिने ‘माहिती हवी आहे’ म्हणून थांबलेला असतो आणि तक्रारदाराला त्याचा पत्ताच नसतो. त्याला विचारायचं असेल तर क्रमांकानंतर ‘-सबमिटर’ जोडलेला पत्ताही टाका. आपल्याला एखाद्या बगवरचं सगळं हवं असेल तर ‘-सबस्क्राइब’ लावून मेल करा.

नवा बग पाठवताना दुसऱ्या कुणाला प्रत द्यायची असेल तर ती साध्या सीसीमध्ये देऊ नका. त्या माणसाने सर्वांना उत्तर दिलं की ते पुन्हा सबमिटच्या पत्त्यावर जाऊन नवाच बग उभा राहू शकतो. त्यासाठी ‘एक्स-डेबबग्स-सीसी’ ही ओळ आहे. ती असली की क्रमांक मिळाल्यानंतरच प्रत जाते.

मेल वर्गवारीसाठी जुने फिल्टर लावलेले असतील तर तेही तपासा. २०२१मध्ये क्रमांक दहा लाखांपुढे गेले आणि सहाच आकडे शोधणारे फिल्टर नवे बग चुकवू लागले.

कमांड चालली नाही

बगच्या नोंदी बदलणाऱ्या कमांड कंट्रोल@बग्स.डेबियन.ऑर्गला पाठवतात. त्या मेलवर सर्व्हर ओळीओळीचा हिशेब परत पाठवतो. प्रत्येक कमांडच्या आधी ‘>’ चिन्ह आणि खाली तिचा निकाल. तो वाचण्याआधी काहीही पुन्हा करू नका. नेहमीच्या चुका मोजक्याच आहेत. ‘रिटायटल’ (शीर्षक बदला) या कमांडचं लांबलचक शीर्षक मेल प्रोग्रामने दोन ओळींत मोडलं, की दुसरी ओळ अनोळखी कमांड ठरते. शेवटी ‘थँक्स’ नसेल तर खालची सही, पत्ता, फोन हेही कमांड म्हणून वाचलं जातं आणि अशा ओळी साठल्या की सर्व्हर हात टेकतो. ‘-१’ हा क्रमांक ‘कंट्रोल:’ या स्यूडो-हेडर ओळीत ‘हाच बग’ या अर्थी चालतो. थेट कंट्रोलला पाठवताना मात्र खराच क्रमांक लिहावा लागतो.

‘मर्ज’ (दोन बग एकत्र जोडा) नाकारलं तर दोन्ही बगांचं पॅकेज, सिव्हिअरिटी, उघडं-बंद असणं आणि ‘फॉरवर्डेड’चा (बग मूळ लेखकांकडे जिथे पाठवला त्याचा) पत्ता तंतोतंत जुळतो का ते बघा. ‘फोर्समर्ज’ (जबरदस्तीने जोडा) पहिल्या क्रमांकाच्या नोंदी दुसऱ्यावर लादतो, म्हणून क्रम विचार करून लिहा. उलटा लिहिलात तर नीट भरलेल्या बगवर कच्च्या बगचे तपशील बसतात.

बंद केला तरी उघडा दिसतो

बग बंद करायचा तर क्रमांकानंतर ‘-डन’ लावलेल्या पत्त्यावर कारणासह लिहा आणि वर ‘व्हर्जन:’ ओळीत दुरुस्ती झालेलं व्हर्जन द्या. मग तो बग अनस्टेबलसाठी (डेबियनची घडत असलेली शाखा) बंद आणि स्टेबलसाठी (प्रसिद्ध झालेली आवृत्ती) उघडा दिसला तर ती चूक नव्हे. स्टेबलमध्ये अजून जुनंच पॅकेज आहे. व्हर्जनचा आकडा चुकीचा टाइप झाला असेल तर मात्र बग सगळीकडे उघडाच राहतो, कारण तसं व्हर्जन पॅकेजच्या वंशावळीत नसतंच. ‘नॉटफिक्स्ड’ कमांडने चुकीचा आकडा काढा, ‘फिक्स्ड’ने बरोबर टाका. व्हर्जन अजिबात दिलं नाही तर बग सर्व व्हर्जनांत सुटला असं मानलं जातं, जे बहुधा खोटं असतं.

बंद बगवर २८ दिवस काही हालचाल झाली नाही की तो अर्काइव्हमध्ये जातो. तिथल्या बगवर ‘रिओपन’ चालत नाही. त्याच मेलमध्ये आधीच्या ओळीत ‘अनअर्काइव्ह’, मग ‘फाउंड’ आणि जिथे बग पुन्हा दिसला ते व्हर्जन, शेवटी ‘थँक्स’.