परदेशात असताना युद्ध पेटलं तर: निघायचं कधी, थांबायचं कधी

विमानतळ सगळ्यात आधी बंद पडतो. २४ फेब्रुवारी २०२२ला पहाटे युक्रेनने हवाई हद्द बंद केली, तेव्हा आपली माणसं आणायला कीवकडे निघालेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्या वाटेवरून माघारी वळलं. १५ एप्रिल २०२३ला सुदानची राजधानी खार्टूममध्ये लढाई जुंपली, तेव्हाही विमानतळ पहिल्याच दिवशी गेला. त्यामुळे सुटायची खरी संधी गोळीबाराच्या आधी असते. कीवच्या भारतीय दूतावासाने तात्पुरतं देश सोडण्याचा सल्ला १५ फेब्रुवारीलाच दिला होता, म्हणजे हातात नऊ दिवस होते. तिकिटं महाग होती आणि कॉलेजं ऑनलाइन शिकवायला सहजी तयार नव्हती, हेही खरंच. पण लढाईआधी दूतावासाची भाषा मवाळ असते. ‘विचार करावा’ असं छापून आलं की ‘निघा’ असं वाचायचं.

शांतता असतानाच करायच्या गोष्टी

पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात दूतावासाकडे नाव नोंदवा आणि घर बदललं की पत्ताही बदला. जुन्या पत्त्यावर बस येऊन उपयोग नाही.

कॉलेजने किंवा मालकाने मूळ कागद ठेवून घेतले असतील तर काम झाल्याबरोबर परत मागा. आखाती देशांत पासपोर्ट मालकाच्या कपाटात असणं आजही सर्रास चालतं. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांना हे सांगायला नको. पासपोर्ट हाताशी नसेल तर दूतावास आणीबाणीचा प्रवासदाखला देतो. तो फक्त भारतात येण्यापुरता असतो आणि त्यासाठी नागरिकत्वाचा पुरावा लागतो. म्हणून पासपोर्ट, व्हिसा आणि रहिवासी कार्डाचे फोटो मोबाइलमध्ये, ईमेलवर आणि घरच्यांकडे असे तीन ठिकाणी ठेवा.

रोख अमेरिकन डॉलर हवेत, तेही १, ५, १०, २०च्या नोटांत. फाटक्या, शाई लागलेल्या आणि जुन्या छपाईच्या नोटा बऱ्याच देशांत घेत नाहीत. स्थानिक चलनावर विसंबू नका. युद्ध सुरू होताच युक्रेनने बँकेतून परकीय चलन काढणं थांबवलं आणि हद्दीपलीकडे रिव्निया (युक्रेनचं चलन) बदलून मिळणं मुश्किल झालं. विम्याची कागदपत्रं वाचून बघा: बहुतेक पॉलिसींत युद्धातलं नुकसान वगळलेलं असतं.

पहिला तास

नळाला पाणी आहे तोवर बादल्या, पातेली, बाटल्या सगळं भरून ठेवा. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज तीन-चार लिटर धरा. संडासाचं पाणी वेगळं. फोन आणि पॉवर बँक पूर्ण चार्ज करा. शहरापासून हद्दीपर्यंतचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. मग फोन बॅटरी बचतीवर टाका आणि घरी ठरलेल्या वेळीच बोला.

बसायची जागा अशी निवडा की तुम्ही आणि रस्ता यांच्यामध्ये दोन भिंती असतील. पहिली भिंत स्फोटाचा धक्का घेते, दुसरी तुकडे अडवते. फ्लॅटमध्ये ही जागा बहुधा आतला पॅसेज असते. बाथरूम सुरक्षित वाटतं, पण तिथल्या टाइल आणि आरसा फुटून त्यांचेच तुकडे अंगात घुसतात. लिफ्ट वापरू नका. तळघरात जायचं तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, ते आधी पाहा. आणि खिडकीशी व्हिडिओ काढायला जाऊ नका. एक किलोमीटरवरचा लखलखाट लगेच दिसतो, धक्का साधारण तीन सेकंदांनी येतो. नेमका तेवढ्यात माणूस काचेशी पोचलेला असतो.

निघायचं की थांबायचं

याचं एक उत्तर नाही, ठिकाणाप्रमाणे ते बदलतं. २६ फेब्रुवारी २०२२ला कीवचा भारतीय दूतावास सांगत होता की आमच्याशी बोलल्याशिवाय हद्दीकडे जाऊ नका. २ मार्चला त्याच दूतावासाने खारकीवमधल्या भारतीयांना संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडून पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदिव्का गाठायला सांगितलं, वाहन नसेल तर पायी. अंतर होतं ११ ते १६ किलोमीटर. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर होते. लढाई जुंपल्यावर तुमच्या शहराचं नाव घेऊन, वेळ घालून आलेली सूचना आली तरच हला. ‘उद्या अमुक चौकातून बस आहे’ असा फॉरवर्ड आला की आधी हेल्पलाइनवर खात्री करा.

पाठीवरची पिशवी सात-आठ किलोंच्या वर नको. शेहिनीला पोलंडच्या हद्दीवर गाड्यांच्या रांगा इतक्या लांबल्या की कित्येकांना शेवटचा मोठा पल्ला कडाक्याच्या थंडीत चालावा लागला, आणि ट्रॉली बॅगा वाटेत टाकाव्या लागल्या. पाणी, सुका खाऊ, औषधं, दोन जोड मोजे, टॉर्च आणि कागदपत्रं आधी; लॅपटॉप त्यानंतर. जवळची हद्द सोयीची असतेच असं नाही. रांग कमी कुठे आणि पलीकडे आपले अधिकारी कुठे आहेत, हे विचारूनच दिशा ठरवा.

लष्करी तपासणी नाक्यावर गाडी हळू करा. रात्री हेडलाइट मंद, आतला दिवा चालू, काच खाली, हात दिसतील असे. पासपोर्ट आधीच हातात घ्या; बंदूकधाऱ्यासमोर खिशात हात घालणं धोक्याचं. बोलायचं एकानेच. लष्करी छटांचे कपडे, दुर्बीण, ड्रोन मागे ठेवा आणि सैनिक किंवा रणगाड्यांचे फोटो फोनमधून काढून टाका. युक्रेनमध्ये गाडीवर तिरंगा ठळक लावायचा सल्ला होता. प्रत्येक युद्धात तो तितकाच चालेल असं नाही, स्थानिक माणसाला विचारा.

घरच्यांनी

एकाच माणसाने फोन घ्यावा आणि बाकीच्यांना कळवावं. वीस नातेवाईकांनी वीसदा विचारलं की तिकडची बॅटरी संपते. नाव, पासपोर्ट क्रमांक, सध्याचा पत्ता आणि सोबत कोण आहे, एवढं लिहून परराष्ट्र मंत्रालयाच्या नियंत्रण कक्षाला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला द्या.

आफ्रिकेत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. सुदानहून ऑपरेशन कावेरी या भारत सरकारच्या सुटका मोहिमेत परतलेल्यांपैकी ज्यांच्याकडे पीतज्वराच्या लशीचा दाखला नव्हता, त्यांना भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवलं गेलं. मुदत सहा दिवसांपर्यंत असते. लस टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून दाखला लागू होतो आणि आयुष्यभर चालतो. दाखल्याचं ते पिवळं पुस्तक पासपोर्टच्याच पाकिटात ठेवा.