नवी राणी रुळली का? बघताना या चुका टाळा

सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, पेटीत जाळीच्या छोट्या पिंजऱ्यातून नवी राणी दिली की दुसऱ्या दिवसापासूनच हात शिवशिवतात. झाकण उचलून एकदा बघू तर! माझी पहिली राणी या बघण्यापायीच गेली. पिंजऱ्यातून सुटून जेमतेम दिवस झाला होता. मी धूर दिला, फ्रेमा (पोळी बांधलेल्या चौकटी) वरखाली केल्या आणि पाहतो तर पेटीच्या तळाला लिंबाएवढा माश्यांचा गोळा, आत मारण्यासाठी घेरलेली राणी. असा गोळा कोमट पाण्यात टाकला की माश्या सुट्या होतात, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

सोडायची घाईही तशीच नडते. पिंजऱ्याच्या जाळीवरच्या माश्यांवरून बोट हलकेच फिरवा. त्या सहज बाजूला सरकल्या, जाळीतून सोंड घालून राणीला भरवताना दिसल्या, तर सोडायला हरकत नाही. जाळीला चिकटून चावत असतील तर अजून दोन दिवस थांबा आणि तेवढ्यात पोळी तपासा. कुठेतरी कडेला राणीघर, म्हणजे माश्यांनी स्वतःची नवी राणी वाढवायला बांधलेलं घर, राहून गेलेलं असतं. ते मोडल्याशिवाय परक्या राणीला थारा नाही.

राणी सुटल्यावर आठवडाभर पेटी उघडू नका. सातेरीला फार छेडलं तर ती पेटीच सोडून जाते. दाराशी बसून बघा. परागाच्या गोळ्या घेऊन माश्या आत शिरत असतील तर खूण चांगली, पण पक्की नाही. राणी नसतानाही थोडा पराग येतोच.

आठवड्यानंतर उघडाल तेव्हा राणी शोधत बसू नका, अंडी शोधा. ऊन पाठीवर घ्या आणि उजेड पोळ्यातल्या घराच्या तळाशी पोचेल अशी फ्रेम तिरकी धरा. तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी काडी उभी दिसली तर अंडं ताजं. तिसऱ्या दिवशी ते आडवं पडतं, मग अळी निघते. एका घरात दोन अंडी दिसली म्हणून लगेच घाबरू नका, नवी राणी सुरुवातीला असा गोंधळ घालते. मात्र घराच्या भिंतींवर तीन-चार अंडी चिकटलेली असतील तर ती कामकरी माश्यांची. त्यांचं पोट आखूड, तळाला पोचत नाही.

खरा निकाल पोळ्यातल्या घरांच्या मेणाच्या झाकणांवर. कामकऱ्यांच्या घरांची झाकणं सपाट हवीत. तिथेच फुगीर, मध्ये बारीक भोक असलेली झाकणं दिसली तर आत नर वाढताहेत, म्हणजे राणीचं मीलन झालेलं नाही किंवा राणीच नाही. कुमारी राणी दिली असेल तर अंड्यांसाठी दोन-तीन आठवडे द्या. घाटमाथ्यावर झड लागली की ती मीलनासाठी उडणार कशी?

महिन्याभराने पोळ्याच्या मधोमध एक-दोन राणीघरं दिसली तर मात्र ती मोडू नका. राणी अंडी घालताना दिसत असली तरी माश्यांनी तिला बदलायचं ठरवलेलं असतं.