वीस तासांत कट्टा, छंद आणि नवं प्रेम

प्रेमात पडलं म्हणून ऑफिसला कुणी दांडी मारत नाही. दांडी पडते तबल्याच्या क्लासला, रविवारच्या क्रिकेटला, टपरीवरच्या मित्रांना, आणि या सगळ्यांच्या आधी झोपेला. बॉस ओरडतो, पगार कापला जातो. तबला काही बोलत नाही, आणि मित्रही पहिल्या दोन-तीन वेळा "जा बे, मजा कर" म्हणून सोडून देतात. चौथ्यांदा ते बोलावतच नाहीत. म्हणून जे ओरडत नाही त्याची जागा आधी पक्की करायची आणि मग उरलेल्यातली सगळ्यात चांगली वेळ नव्या माणसाला द्यायची. क्रम उलटा केला की गाडी फसते.

आधी हिशेब मांडा, कागदावर. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप, ४९ गेले. सहा दिवस नऊ तासांची नोकरी, ५४. येणं-जाणं रोज सव्वा तास, साडेसात. आंघोळ, जेवण, कपडे, किराणा रोज तीन तास, २१. मोबाइलवर नुसतं बोट फिरवण्यात रोज दीड तास, साडेदहा. हा आकडा जास्त वाटत असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये स्क्रीन टाइम उघडून बघा. घरच्यांसाठी सहा. उरले वीस. यातले पाच छंदाला, पाच मित्रांना, सात नव्या माणसाला आणि तीन रिकामे. रिकामे म्हणजे रिकामेच. गाडी पंक्चर होते, घरी अचानक पाहुणे येतात, ऑफिसात शेवटच्या क्षणी काम निघतं, ते सगळं या तिनात बसवायचं. हे तीन तास आधीच भरून टाकणाऱ्यांचा आठवडा बुधवारीच कोलमडतो. नागपुरात मिहानमधल्या कंपन्यांत पाच दिवसांचा आठवडा असणाऱ्यांना शनिवारचे सव्वादहा तास वर मिळतात, पण शिफ्ट रात्रीची असेल तर ते झोपेची उधारी फेडण्यातच जातात. त्यांच्यावर बेत आखू नका.

आता खरी गळती. भेटायला सात तास ठेवले, पण रात्री अकरा ते एक चॅटिंग चालू असेल तर आठवड्याचे चौदा तास होतात. भेटीच्या दुप्पट, आणि हिशेबात कुठेच दिसत नाहीत, कारण ते झोपेतून चोरलेले असतात. झोपेचे सातचे पाच तास झाले की दहा-बारा दिवसांत चिडचिड सुरू होते, आणि ती निघते नेमकी त्याच माणसावर. उपाय साधा आहे: रात्री दहाला वीस मिनिटांचा फोन. आवाज ऐकला की मेसेजचा अर्थ लावत बसायला लागत नाही. फोन ठेवल्यावर मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा, उशाशी नको, आणि गजरासाठी साधं घड्याळ घ्या. हे दोघांनी मिळून ठरवायला हवं. एकट्यानेच सुरू केलं तर समोरच्याला वाटतं की आपल्याला टाळून राहिला. दिवसभरात उत्तर कधी मिळेल तेही सांगून ठेवा: "दुपारी दीडला जेवताना आणि सहानंतर." दोन निळ्या टिका बघत बसण्याने जितकी भांडणं होतात तितकी खऱ्या कारणांनी होत नाहीत.

छंदांत दोन जाती असतात. नाटकाची तालीम, क्रिकेट, बॅडमिंटन यात दुसरं कुणीतरी वाट बघत असतं, म्हणून ते टिकतात. गिटार, चित्रकला, धावणं, वाचन हे एकट्याचं असतं आणि आधी तेच बंद पडतं. एकट्याच्या छंदाला कुणाचा तरी धाक जोडा: क्लासची तीन महिन्यांची फी आधीच भरा, किंवा धावायला एक जोडीदार पकडा. "आठवड्यातून दोनदा" असं कधी ठरवू नका, "मंगळवार आणि शुक्रवार, सात ते आठ" असं ठरवा; दोनदा म्हणजे उद्या, आणि उद्याचा परवा व्हायला वेळ लागत नाही. वाद्य असेल तर रविवारी एकदम अडीच तास बसण्यापेक्षा रोज पंचवीस मिनिटं बरी. बोटं रोजच्या सरावाने वळतात आणि रविवार हाच सगळ्यात जास्त हातचा जाणारा दिवस असतो. गिटार कव्हरमधून काढून खोलीत समोर ठेवा. कव्हरची चेन उघडण्याचा आळस फालतू वाटतो, पण निम्मा रियाज तिथेच बुडतो.

नव्या माणसाला आपल्या छंदात ओढण्याची घाई नको. एकदा बघायला बोलवा, दुसऱ्यांदा स्वतःहून विचारलं तरच न्या. बॅडमिंटनला चौथा गडी म्हणून रोज आणलं की खेळाची पातळी घसरते, बाकीचे दोघं वैतागतात, आणि तुमची स्वतःची अशी एक जागा हातची जाते.

मित्रांसाठी नागपुरात सगळ्यात सोयीची वेळ म्हणजे रविवारी सकाळी साडेसातचे तर्री पोहे. रात्रीची बैठक कधी संपेल याचा नेम नसतो, पण पोह्यांची बैठक आपोआप मोडते: प्लेट संपते, चहा होतो, ऊन चढतं, नवाला सगळे घरी. दीड तासात पाच जण भेटतात आणि अख्खा दिवस मोकळा राहतो. आठवड्याच्या मध्ये एक संध्याकाळ टपरीला द्या. रद्द करावं लागलं तर त्याच मेसेजमध्ये नवा दिवस लिहा: "भाऊ, आज येऊन नाही राहिलो, गुरुवारी आठला टपरीवर नक्की." नुसतं "नाही जमणार" दोनदा गेलं की ग्रुपवर तुमच्या नावाने मीम फिरतात, तिसऱ्यांदा तेही बंद होतात. आणि कट्ट्यावर बसल्यावर फोन पालथा ठेवा. शरीराने टपरीवर आणि मनाने चॅटवर असलेला माणूस लगेच ओळखू येतो.

भेटीच्या जागा ऋतूवर ठरतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा उघड्यावर भेटणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्स, नाहीतर संध्याकाळी सातनंतर फुटाळा. फुटाळ्यावर रविवारी संध्याकाळी गाडी लावायलाच जागा नसते, तिथे मंगळवार-बुधवार गाठा. डिसेंबर-जानेवारीत उलटं: सकाळी कडाका असतो, दुपारचं ऊन हवंहवंसं वाटतं, तेव्हा महाराजबाग किंवा रमण विज्ञान केंद्र चांगलं.

दोघांची घरं दोन टोकांना असतील तर मध्य शोधा. एक मनीषनगरकडे आणि एक हिंगणा रोडला असेल तर ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन्ही मेट्रो मार्गिका सीताबर्डीला मिळतात, तिथून पुढचं ठरवा. शेवटची गाडी किती वाजता आहे ते स्टेशनवर उतरतानाच बघून घ्या. दर वेळी एकानेच शहर ओलांडून यायचं ठरलं तर महिन्याभरात तो हिशेब काढतोच.

पहिल्या तीन भेटी दीड तासाच्या ठेवा, चारचौघांतल्या जागी, आणि कुठे चाललोय, किती वाजता परत येणार हे भावंडांपैकी किंवा मैत्रिणींपैकी एकाला सांगून जा. नागपूर हे मोठं खेडं आहे. धरमपेठेत कॉफी पिताना कुणाची तरी मावशी दिसणारच, तेव्हा ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं ते दोघांनी आधी ठरवा. पहिल्या भेटीला सावजी जेवण नको. तिखटाने नाक-डोळे वाहायला लागले की बोलणं खुंटतं आणि नवा शर्ट तेलाने जातो. सावजी पाचव्या भेटीला, काळे कपडे घालून.

मित्रांशी ओळख चार ते सहा आठवड्यांनी, आणि सगळ्या गँगशी एकदम नाही. आधी दोघे, पाऊण तासाचा चहा. वाढदिवसाच्या पार्टीत ओळख करून दिली की नवं माणूस कोपऱ्यात उभं राहून इतरांचे जुने विनोद ऐकत बसतं. कुठले जुने किस्से काढायचे नाहीत, ते मित्रांना आदल्या दिवशीच बजावून ठेवा.

पैशाचं पहिल्याच महिन्यात बोला. वरखर्चाला चार हजार उरत असतील तर दीड हजार छंदाला, हजार मित्रांना, हजार दोघांच्या भेटींना, पाचशे हातात. टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) करायचं की आळीपाळीने, काहीही चालेल, पण ठरलेलं हवं. क्लासची फी भेटीगाठींत गेली की पुढचे तीन महिने छंद बंद.

काही दिवस कॅलेंडरवर आधीच खोडून ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, तेव्हा इतवारी-महालाकडे गाडी घालू नका, किंवा मिरवणूकच बघायला दोघं पायी जा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या आसपास आणि हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्सला रस्ते वळवलेले असतात. त्या आठवड्यांत "वीस मिनिटांत पोचते" असं कुणाला सांगू नका. गणपतीत घरचे सहा तास दहा-बारा होतात, ते सगळ्यांकडून थोडे थोडे कापा, एकट्या छंदाकडून नाही.

चार आठवड्यांनी तोच कागद काढा आणि खरे तास लिहा. छंदाचे पाच होते तिथे दोन दिसले, तर पुढच्या मंगळवारची भेट सातऐवजी साडेआठला ठेवा.