सेलचं कापड महाग पडतं ते इथे: घरी शिवणाऱ्यांनी या चुका टाळा

दाराबाहेर ‘सेल’ची पाटी, आत 100 रुपये मीटरचा ढीग, आणि भोवती बायकांची गर्दी. कापड घेतलं, घरी आणून जमिनीवर अंथरलं, तेव्हा कळतं की बाही निघत नाही. आणखी अर्धा मीटर आणायला परत जावं तर तो तागा संपलेला असतो. घरच्या मशीनवर शिवणाऱ्या अनेकींचे पैसे असे वाया जातात, आणि शिलाई मात्र सरळ असते. गडबड दुकानातच झालेली असते. म्हणून दुकान कसं ओळखायचं, सेल कधीचा खरा आणि कापड हातात घेऊन काय काय बघायचं, हे एकदा नीट समजून घ्या.

पना न विचारता भाव विचारणं

सगळ्यात महागडी चूक हीच. कापडाचा पना म्हणजे रुंदी. बाजारात 36 इंच, 44 इंच आणि 58 इंच असे पने सर्रास मिळतात, आणि भाव मात्र तिघांचाही मीटरवर सांगतात. 44 इंच उंचीचा, साधारण 38 छातीचा, थोडा घेरदार कुर्ता धरा. शिलाई आणि दुमड धरून एक उंची 46 इंच, म्हणजे जवळजवळ 1.2 मीटर. 58 पन्यात पुढचा आणि मागचा भाग शेजारी शेजारी बसतात, वर बाह्यांपुरतं कापड लागतं, पावणेदोन मीटरमध्ये काम होतं. 44 पन्यात दोन उंच्या घ्याव्या लागतात, पण बाजूला उरलेल्या पट्टीतून बाह्या निघतात, म्हणजे अडीच मीटर. 36 पन्यात बाजूची पट्टी बाहीला पुरत नाही, त्यामुळे तीन मीटर घ्यावे लागतात.

आता भाव लावून बघा. 36 पना 120 रुपये मीटर असेल तर कुर्ता 360 रुपयांना पडतो. 44 पना 140 ने घेतला तर 350. 58 पना 190 ने घेतला तरी 332 रुपये 50 पैसे. मीटरला सगळ्यात स्वस्त दिसणारं कापड कुर्त्याला सगळ्यात महाग पडलं. म्हणून पहिला प्रश्न भावाचा नको. “भाऊ, पना किती?” हे आधी विचारा, आणि पर्समधला टेप काढून स्वतः मोजा. पना सांगताना काठासकट सांगतात. काठाची अर्धा-पाऊण इंच घट्ट किनार आणि कडेची छपाई नसलेली जागा दोन्ही बाजूंनी वजा करा.

जुन्या दुकानांत अजून ‘वार’ बोलतात. एक वार म्हणजे 91.44 सेंटिमीटर. तीन वार सांगितलेलं कापड तीन मीटर समजून घेतलंत तर 26 सेंटिमीटर कमी येतं, आणि ब्लाऊजची बाही जाते ती इथेच.

कापड कसं कापतात, तिकडे लक्ष नसणं

चांगलं दुकान मला कापणाऱ्याच्या हातावरून कळतं. चांगला माणूस तागा पूर्ण उलगडतो, काठाला काठ जुळवतो, कापड न ताणता मीटरच्या पट्टीवर सैल ठेवतो. सुती पॉपलीन असेल तर कडेला कात्रीने छोटा काप मारून आडव्या धाग्यावर टर्रकन फाडतो. फाडलेलं कापड धाग्याला धागा सरळ निघतं. घाईतला माणूस मात्र कापड ताणून मोजतो आणि कात्री हवेतच तिरकी चालवतो. एका टोकाला दोन इंच तिरका काप गेला की घरी कापड सरळ करताना ते दोन इंच फुकट जातात. दोन्ही टोकांना गेला तर चार. चार इंचांत लहान मुलीच्या फ्रॉकची पट्टी निघते.

छापील चौकडीला मात्र हा नियम लावू नका. छपाईच धाग्याला तिरकी बसली असेल तर धाग्यावर फाडल्यावर चौकड्या वाकड्या दिसतात. असं कापड विकत घेण्याआधीच ओळखता येतं: काठाला काठ लावून दुमडा आणि दुमडीवर छापलेली रेघ सरळ चालते का बघा. चालत नसेल तर ते कापड कितीही स्वस्त असो, ठेवून द्या. ते घरी कोणत्याही युक्तीने सुधारत नाही.

मोजणीच्या पट्टीवर वैधमापन विभागाची मोहर असते, तीही बघायला हरकत नाही. टेबलाच्या कडेला ठोकलेल्या खिळ्यांवर मोजून देत असतील तर आपला टेप काढा. चांगला दुकानदार याचं वाईट वाटून घेत नाही.

सगळं एकाच दुकानातून आणि चुकीच्या वेळी घेणं

मराठवाड्यातल्या प्रत्येक शहरात कापडाची एक जुनी पेठ आहे आणि त्या पेठेची आपली चाल आहे. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, सिटी चौक, रंगारगल्ली हा पट्टा पायी फिरायचा. लातुरात गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात, त्यामुळे एका फेरीत पाच-सहा दुकानांचे भाव कळतात. नांदेडला वजिराबाद, परभणीला कच्छी बाजार, बीडला सुभाष रोड. पहिल्या दुकानात घेऊ नका. तिसऱ्या दुकानापर्यंत पना, पोत आणि भाव या तिन्हींचा अंदाज येतो, मग परत पहिल्याकडे जायला काय लागतं!

अस्तर, बकरम (कॉलर, पट्टी ताठ ठेवणारं कडक कापड), इलास्टिक, चेन, हुक, लेस हे साड्यांच्या मोठ्या शोरूममधून घेणं टाळा. टेलर मंडळी जिथून घेतात त्या टेलरिंग मटेरियलच्या छोट्या दुकानात अस्तराचे रंग जास्त असतात आणि भाव कमी. तुमच्या गल्लीतल्या टेलरमावशींना विचारा, त्या नक्की सांगतील. आठवडी बाजारातल्या कापडाच्या पालांवर उशीचे अभ्रे, परकर, गोधडीसाठीचे तुकडे चांगले मिळतात. पण रंग मॅच करायचं काही असेल तर तिथे भर उन्हात अंदाज चुकतो, आणि दुकानातल्या ट्यूबलाईटखाली तर हमखास चुकतो. ब्लाऊजचं अस्तर निवडताना साडी सोबत न्या आणि दोन्ही दाराशी सावलीतल्या उजेडात धरून बघा.

वेळेचं म्हणाल तर, सोयाबीन-कापसाचा पैसा हातात आला की दिवाळीच्या तोंडावर पेठा भरतात. तेव्हा दुकानदाराला भाव उतरवायची गरज नसते आणि तागा उलगडून दाखवायला सवडही नसते. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, तिचंही तेच. भाव खरे उतरतात ते आषाढात. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात, पेरण्यांत पैसा गेलेला असतो, दुकानं रिकामी असतात. ‘आषाढ सेल’ या नावाखाली जे निघतं त्यात साधं कॉटन, रुबिया (ब्लाऊजचं पातळ कापड), पडद्याचं कापड बघण्यासारखं असतं. श्रावणात पंचमी-राखीची खरेदी सुरू झाली की सूट द्यायला दुकानदार हात आखडतात. दुसरी चांगली वेळ दिवाळी सरल्यावरचा आठवडा, तेव्हा ताग्यांची शेपटं उरलेली असतात. शाळा सुरू होऊन गणवेशाची गर्दी ओसरली की पांढरं आणि गडद निळं टेरिकॉट उरतं, त्यातून परकर, पिशव्या, मशीनचं कव्हर उत्तम होतं.

खादीसाठी 2 ऑक्टोबरची वाट बघा. गांधी जयंतीपासून खादी भांडारांत सूट सुरू होते. आणि आपल्याकडे खादी लांबून आणायची गरजच नाही. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं नाव राष्ट्रध्वजाच्या कामामुळे देशभर माहीत आहे आणि ध्वजाचं कापड उदगीरला विणलं जातं. हातमागाच्या खादीचा पोत मीटरागणिक थोडा बदलतो, म्हणून एका कपड्याचं कापड एकाच ताग्यातून घ्या.

‘लास्ट पीस आहे मावशी’ ऐकून घेतलेला कटपीस

कटपीस, म्हणजे ताग्याचा उरलेला तुकडा, वाईट नसतो. मी तर ब्लाऊज, टोपडी, झबली कटपीसमधूनच करते. फक्त तो पूर्ण उलगडून, उजेडासमोर धरून बघायचा. ताग्याच्या शेवटाला जोड असतो, कुठे धागा सुटलेला असतो, दुमडीच्या रेषेवर रंग उडालेला असतो. दुमडीवरचा फिका पट्टा धुतल्यावर जात नाही, उलट उठून दिसतो. किलोवर मिळणाऱ्या तुकड्यांत हे जास्त सापडतं.

पडदे किंवा बहिणी-बहिणींचे सारखे ड्रेस शिवायचे असतील तर कटपीस जोडून कापड पुरं करू नका. रंगाच्या दोन घाण्यांत, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या कापडात, फरक असतो. दुकानात तो दिसत नाही, खिडकीत लावल्यावर दिसतो.

एकाच दिशेची नक्षी, म्हणजे सगळ्या वेली वर चाललेल्या किंवा सगळे मोर सरळ उभे असतील, तर कळ्या (घेरासाठी बाजूला जोडायचे निमुळते तुकडे) उलट-सुलट लावून कापड वाचवता येत नाही. मोठी चौकडी जुळवायची असेल तरी तेच. अशा कापडाला पाव ते अर्धा मीटर जास्त धरा.

‘प्युअर कॉटन’ हा शब्द पुरेसा मानणं

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अंगावर पॉलिस्टर काय करतं ते सांगायला नको. ताग्याच्या कडेचे चार धागे मागून घ्या, घरी ताटलीत ठेवून काडी लावा. सुती धागा कागदासारख्या वासाने जळतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. मिश्र कापडात राखेत बारीक कडक खडे लागतात. एक अडचण आहे: रेयॉनही सुतीसारखंच जळतं. ते ओळखायला धागा ओला करून ओढा. सुती धागा ओला झाल्यावर टिकतो, रेयॉनचा पटकन तुटतो.

रंगासाठी पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड दुसऱ्या रंगाला जोडून शिवू नका. गडद लाल, काळं, निळं, त्याला पांढरी पायपिंग, हा बेत पहिल्याच धुण्यात फसतो.

पैठणच्या पैठणीचे काठ आणि संभाजीनगरचा हिमरू, म्हणजे तिथलं विणीतच नक्षी असलेलं कापड, हे वेगळं प्रकरण. ‘हातमागाचं’ म्हणून भाव सांगितला तर हॅण्डलूम मार्क किंवा सिल्क मार्कचं लेबल मागा. कापड उलटं करूनही बघा. हिमरूच्या मागच्या बाजूला नक्षीचे धागे सुटे लोंबतात, त्यामुळे त्याला अस्तर लावल्याशिवाय जॅकेट शिवलं तर बांगडी, अंगठी त्यात अडकत राहते. अस्तराचा खर्च खरेदीच्या वेळीच धरा.

आणलेलं कापड त्रास देतंय?

कापड न भिजवता शिवलं आणि आटलं, ही तक्रार सगळ्यात जास्त. कॉटन 5 टक्के आटलं तर 44 इंचांचा कुर्ता सव्वादोन इंच वर जातो. नवं सुती कापड आणि विशेषतः अस्तर रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, ओलसर असतानाच इस्त्री करा. वरचं कापड न आटणारं आणि अस्तर आटणारं असेल तर ब्लाऊजला चुण्या पडतात आणि दोष शिलाईला जातो. शिवून झालेला कुर्ता आटलाच असेल तर खाली विरुद्ध रंगाची रुंद पट्टी किंवा लेस लावा, बरी दिसते.

सुती कापड तिरकं कापून आलं असेल तर एक आडवा धागा ओढून काढा, त्या रेषेवर कापा. तरी चौकोन जुळत नसेल तर कापड ओलसर करून ज्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांतलं अंतर कमी भरतं ते धरून दोघींनी उरेब, म्हणजे तिरक्या, दिशेने ओढा आणि सपाट वाळवा.

कापड कमी पडलं तर खांद्याला योक (वेगळ्या कापडाचा जोड) द्या, बाजूला दुसऱ्या कापडाच्या कळ्या घाला, किंवा बाही अस्तराच्या रंगाची करा. फक्त आडव्या-उभ्या धाग्याची दिशा बदलून भाग बसवू नका, कपडा अंगावर वळतो.

जॉर्जेट, शिफॉनला टाके ओढले जात असतील तर कापडाला दोष देण्याआधी सुई बदला. जाड कापडाची 16 नंबरची सुई काढून 9 किंवा 11 नंबर लावा आणि दोरा बारीक घ्या. टी-शर्टच्या होजिअरी कापडावर टाके सुटत असतील तर गोल टोकाची सुई लागते.

आणि बिल. सेलच्या गर्दीत बिल मागायला संकोच करू नका. “कापलेलं कापड परत घेत नाही” हे मन बदललं म्हणून परत करताना दुकानदाराने म्हटलं तर ठीक आहे. पण सदोष माल परत घ्यायला नकार देणं, ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली नसेल तर 30 दिवस धरले जातात, आणि बिल न देणं हीसुद्धा तशीच अनुचित प्रथा आहे. तागा मध्येच फाटका निघाला किंवा सांगितलेला पना नसला, तर कापडाला कात्री लावण्याआधी फोटो काढा आणि बिल घेऊन दुकानात जा. तिथे ऐकून घेतलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, त्यावर तक्रार नोंदवता येते.