प्रायव्हेट क्लाऊडचं टेस्ट क्लस्टर: या चुका टाळा

कोल्हापुरात प्रायव्हेट क्लाऊडसाठी, म्हणजे स्वतःच्याच जागेतल्या क्लाऊडसाठी, क्लस्टर (एकत्र मिळून काम करणारे सर्व्हर) उभारायला निघालेली मंडळी मला कोटेशन दाखवायला आणतात. तीन जुने रॅक सर्व्हर, भरपूर कोअर, १२८ जीबी रॅम आणि सगळ्यात खाली एक ओळ: ‘स्विच, १ नग’. मी तीच ओळ आधी वाचतो.

सगळी वाहतूक एकाच केबलवर

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दोन हुशार पोरांनी तीन नोडचं, म्हणजे तीन मशीनचं, प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) उभं केलं होतं. स्टोरेजला सेफ (डेटाच्या प्रती वेगवेगळ्या नोडच्या डिस्कवर ठेवणारी प्रणाली), हाय अव्हेलेबिलिटी (एक नोड पडला की त्याचं काम दुसऱ्यावर सुरू होणं) चालू, आणि प्रत्येक मशीनला एकच गिगाबिट केबल. स्टोरेजची लाइन वेगळी घ्या म्हटलं, तर उत्तर आलं, “टेस्टच आहे की सर, चालतंय.”

तीन आठवडे चाललं. मग एका शनिवारी डिस्क गेली आणि सेफने तिच्यावरचा डेटा दुसऱ्या डिस्कवर उभा करायला घेतला. गिगाबिट लाइन सेकंदाला फार तर ११५ एमबीच्या आसपास नेते. म्हणजे एका टीबीला जवळपास अडीच तास लाइन तुडुंब. त्याच लाइनवर प्रॉक्समॉक्सचं कोरोसिंक नोडची हजेरी घेत असतं. त्या हजेरीची डेटा-पाकिटं इवलीशी असतात, पण काही मिलिसेकंदांत पोचावी लागतात. हजेरी चुकली, एका नोडचा कोरम (क्लस्टरमधलं बहुमत) गेला, वॉचडॉगने (अडकलेलं मशीन रीस्टार्ट करणाऱ्या टायमरने) मिनिटभर वाट बघून तो रीस्टार्ट केला. तो परत आला की सेफची जुळवाजुळव पुन्हा सुरू, लाइन पुन्हा भरली, आता दुसरा नोड पडला.

रात्री अकराला मी पोचलो तेव्हा पोरं रॅम बदलून बघत होती. लॉग कुणी उघडलाच नव्हता. त्यात लिंक तुटल्याच्या ओळींची रांग लागली होती, आणि प्रत्येक सर्व्हरच्या पाठीमागे दुसरा पोर्ट रिकामा! ऑफिसातला पाच पोर्टचा साधा स्विच आणला, कोरोसिंक त्यावर हलवलं, रीस्टार्ट थांबले.

मी मशीनची यादी करण्याआधी वहीत चार रेघा ओढतो, एकेका वाहतुकीला एक: मॅनेजमेंट, कोरोसिंक, स्टोरेज, व्हीएम (व्हर्च्युअल मशीन). कोरोसिंकला स्वतःचा साधा गिगाबिट स्विच पुरतो. स्टोरेजला दहा गिगाबिट हवंच. तेवढा स्विच परवडत नसेल, तर तीन नोडना तो लागतही नाही. प्रत्येकात दोन पोर्टचं कार्ड घाला आणि तीन डॅक केबलनी (दोन पोर्ट थेट जोडणाऱ्या तांब्याच्या केबलनी) त्रिकोण जोडा. पैसे कमी पडले तर प्रोसेसर हलका घ्या.

अर्धवट जंबो फ्रेम

कुठंतरी वाचून दोन नोडवर एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, नेहमीच्या १५०० बाइटवरून ९००० करायचा (हीच जंबो फ्रेम) आणि स्विच विसरायचा, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की आता पहिली शंका तीच येते. लक्षण फसवं असतं. पिंग जातो, एसएसएचने दुरून लॉगिन होतं, पण मोठी फाइल पाठवली की सगळं गोठतं. मग लोक डिस्कला दोष देतात. तपासायचं असं: पिंगला ‘तुकडे करू नको’चा पर्याय द्या आणि आकार ८९७२ ठेवा. हेडरचे २८ बाइट धरून बरोबर ९००० होतात. प्रत्येक नोडवरून प्रत्येक नोडकडे गेला, तरच पुढं जा. एवढा धीर नसेल, तर १५०० वरच राहा. टेस्ट क्लस्टरचं त्याने काही अडत नाही.

बाकीच्या

दोन नोडवर भागवू नका. एक पडला की दुसऱ्याला बहुमत उरत नाही. तिसरं मशीन नसेल, तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारा प्रोग्रॅम) चालवून तिसरं मत मिळवा.

रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र जोडून एकच दाखवणारं) सेफ आणि डिस्कच्या मध्ये ठेवू नका, एचबीए मोडला टाका, म्हणजे सेफला डिस्क थेट दिसतील.

घरगुती एसएसडीत वीज गेल्यावर डेटा सांभाळणारे कपॅसिटर सहसा नसतात. सेफची प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की व्हावी लागते, तिथं अशी एसएसडी फार हळू पडते. त्यापेक्षा वापरलेली एंटरप्राइझ एसएसडी बरी.

घड्याळं जुळवा. सेफचे मॉनिटर (क्लस्टरच्या स्थितीचा हिशोब ठेवणारे प्रोग्रॅम) ०.०५ सेकंदाच्या फरकावरही कुरकुरतात.

ऑफिसच्या वायफायचीच १९२.१६८.१ ही आयपी पत्त्यांची रेंज क्लस्टरला देऊ नका.

आणि जागा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शहरात कुठवर आलं ते आपण पाहिलंय. तरी रॅक तळमजल्यावर जिन्याखाली, आणि यूपीएस थेट फरशीवर. माझ्या क्लस्टरचा रॅक दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि दर मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत, मी यूपीएसचा प्लग स्वतः ओढून बघतो.