झेब्राफिशच्या दृष्टिपटलावर वृद्धिघटकाचा परिणाम कसा तपासावा

झेब्राफिशच्या दृष्टिपटलाला इजा झाली की म्युलर ग्लिया या आधारपेशी विभाजित होऊन नव्या चेतापेशी घडवतात. म्हणून एचबी-ईजीएफसारखा वृद्धिघटक (पेशींना विभाजनाचा संकेत देणारे प्रथिन) एकट्याने ही क्रिया सुरू करतो का, हे पाहायचे असल्यास दृष्टिपटल पूर्णपणे अक्षत राखावे. मासा ट्रायकेनने बधिर करून शुभ्रपटलातील (डोळ्याच्या पांढऱ्या बाह्य आवरणातील) सूक्ष्म छेदातून बोथट सुई भिंगामागे न्यावी आणि घटक सोडावा. तुलनेच्या गटाला केवळ क्षारद्रावण द्यावे. सुई दृष्टिपटलाला खरचटली तर तो डोळा मोजणीतून निःसंकोच वगळावा, कारण तेथील विभाजन जखमेचे असते. काही दिवसांनी ब्रोमोडीऑक्सीयुरिडिन (विभाजित होणाऱ्या पेशींच्या नव्या डीएनएत सामावणारे चिन्हक) देऊन दृष्टिपटलाचे काप रंगवावेत: आतील केंद्रकथरातून (म्युलर ग्लियाची केंद्रके असलेल्या थरातून) बाहेर चढणारे चिन्हांकित पेशींचे उभे पुंजके अतिशय सुंदर दिसतात. दृष्टिपटलाच्या कडेच्या पेशी इजेविनाही आयुष्यभर विभाजित होतात, त्या मोजू नयेत.